कंटाळलेला कान

"रजा मिळणार नाही," संचालक टिळेकर म्हणाले, "आणि राजीनामाही घेणार नाही."

सोलापूरच्या शोकोपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत उल्का सोनटक्के संतापून उभी होती. महामारी सरून वर्षं लोटली, तरी तेव्हा माणसं गमावलेले लोक अजून येतच होते. समुपदेशक म्हणून तेच ते ऐकून तिचे कान किटले होते. प्राणवायू, रुग्णवाहिका, काचेआडून शेवटचं दर्शन. हल्ली तर ती रुग्णासमोर चक्क जांभई देई, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

"सर, माझ्या जागी तुमचं श्रोतायंत्र बसवा. ते जांभया देत नाही."

"इथंच तर घोडं पेंड खातं!" टिळेकरांनी पडद्यावर दोन स्मृतिआलेख आणले, एक यंत्राच्या रुग्णाचा, एक तिच्या. "आठवण सांगताना मेंदूत ती मऊ पडते, मग पुन्हा घट्ट होते. घट्ट होताना ऐकणाऱ्याचा चेहरा तिच्यात मिसळतो. यंत्र दर वेळी जीव ओतून ऐकतं, त्यामुळे दुःख होतं तेवढंच राहतं. त्याचे रुग्ण जिथल्या तिथं. तुमचे बरे होताहेत."

"मी जांभया देते तरी?"

"देता म्हणून! पूर्वी घरात कुणी गेलं की माणसं भेटायला यायची. प्रत्येकाला 'कसं झालं हो?' पहिल्यापासून सांगायचं. शेवटच्या पाहुण्याचं लक्ष एसटीच्या वेळेकडे असायचं. तिथं ते दुःख चारचौघांसारखं व्हायचं. महामारीत कुणी आलंच नाही. आता तो पाहुणा तुम्ही."

"मग यंत्रालाच कंटाळायला शिकवा ना!"

"शिकवलं. लोक सोंग ओळखतात. खरा कंटाळा यायला आधी खरंच ऐकलेलं असावं लागतं, बाई."

वाहवा! म्हणजे इतकी वर्षं रक्त आटवलं, आणि गुण आला तो जांभईला! उल्काचं डोकंच फिरलं.

"आणि माझं काय? सुहास गेला, तेव्हा मी फोनवर परक्यांचं सांत्वन करत होते. पाठचा भाऊ माझा! त्याला शेवटचा हातसुद्धा लावता आला नाही मला."

रजा मागताना दर वेळी ती हे सांगे. टिळेकरांनी मान डोलावली आणि आलेला फोन हळूच पाहिला.

उल्काच्या एकदम लक्षात आलं. आज तिचा आवाज जराही कापला नव्हता. दूध नासलं सांगावं, तसं तिनं सुहासचं जाणं सांगितलं होतं. रडायला गेली तर रडूही येईना. या माणसानं अर्धवट ऐकून ऐकून तिला बरं केलं होतं, तिला न विचारता!

"कुठं निघालात?" टिळेकरांनी विचारलं.

ती पलीकडच्या खोलीत शिरली. आतून कडी लावून श्रोतायंत्रासमोर बसली.

"सांगा," यंत्र म्हणालं. "मी ऐकतोय. कसलीच घाई नाही."

"सुहास माझा धाकटा भाऊ," उल्का म्हणाली. पुढच्या शब्दाला तिचा आवाज कापला, डोळे भरून आले, आणि दुःख अजून शिल्लक आहे म्हणून तिला हायसं वाटलं.