सर्व्हर वाढवायची वेळ

गंगाखेडकडच्या त्या साखर कारखान्यात बाकीचे सर्व्हर 'बंद' करत. रंगनाथकाका मात्र दुकान वाढवावं तसा तो 'वाढवायचे'. लोक हसत. हसू देत! बबिता त्यांच्याच हाताखाली तयार झाली. काका लय गुणी माणूस. ऐन हंगामात छातीत कळ येऊन गेला.

त्या दुपारी डेटाबेसला नवा पॅच लावायला ती वरच्या खोलीत एकटीच बसली होती. उसाच्या गाड्यांचे नंबर, वजनं, सगळं या डेटाबेसच्या मेमरीत, जणू तोंडपाठ. पॅचसाठी सर्व्हर बंद करण्याआधी डिस्कवर नक्कल उतरली नाही, तर सगळं पुसलं जाणार आणि थंडीत बैलांसकट ताटकळलेली माणसं पुन्हा रांगेच्या शेपटाला.

पडद्यावर 'नक्कल पूर्ण' आलं. तिनं खाली वजनकाट्याच्या खोलीत, काटा सांभाळणाऱ्या महारुद्रला फोन लावला.

"महारुद्रभाऊ, गाड्या थांबल्या का?"

फोनच्या खरखरीत आवाज नीट ओळखू येईना.

"थांबल्यात... पण आत्ताच वाढवू नका, बाई. नक्कल अर्धीच उतरलीय. डिस्क भरलीय..."

पडद्यावरच्या 'पूर्ण'वर न विसंबता तिनं डिस्क तपासली. खरंच की! काट्यावरच्या माणसाला हे कसं कळलं, हे विचारायचंही भान राहिलं नाही. तिनं जागा केली, पुन्हा नक्कल उतरवली, उघडून पाहिली आणि मगच पॅच लावला. सर्व्हर चालू होताच एकूण एक गाडी आपापल्या नंबरावर हजर. धन्य तो महारुद्र, म्हणत ती खाली धावली.

महारुद्र गाड्यांपाशी उभा होता. फोनवर सावध केल्याबद्दल तिनं आभार मानले, तसा तो चक्रावला.

"मी कवाचा हितंच हाय, ताई. खोलीला कुलूप हाय, बघा की."

'वाढवू नका' म्हणणारा कारखान्यात एकच माणूस होता. बबितानं काट्याकडे पाहिलं. काट्यावर ना गाडी, ना माणूस. बाहेरच्या पाटीवरचा आकडा मात्र साठ किलो दाखवत होता.

ती भ्यायली, पण तिचे डोळेही भरून आले. मेल्यावरही गोरगरिबांच्या नंबराची राखण करणारा असा माणूस कुठं मिळायचा? तिनं हात जोडले. निघणाऱ्याला 'जा' म्हणू नये, म्हणून हळूच म्हणाली,

"काका, झालं काम... या आता."

आकडा शून्यावर आला. सुटकेचा श्वास टाकून ती वर निघाली. लोखंडी जिन्यावर तिच्या पावलामागून दुसरं पाऊल वाजलं.

"आलो, बाई..."