आत बघणारे सिंह

विराजनं थायलंडहून आणलेली सिंहांची जोडी विमलबाईंनी खोक्यातून काढलीच नव्हती. "परक्या देवळांची राखण करणारी जनावरं आपल्या दारात कशाला?" म्हणाल्या, आणि खोकं माळ्यावर गेलं. त्यांचं बारावं उरकून लेक विराज बँकॉकला परतला, तेव्हा नीळकंठरावांना जळोचीचं ते घर खायला उठलं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी खोकं उतरवून घेतलं आणि हातभर उंचीचे दोन्ही दगडी सिंह दाराशी मांडले, तोंडं घराकडं करून. जन्म धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेवचा, देवळापुढच्या नंदीनं आतच बघायचं असतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. सिंहांना तरी वेगळा नियम कशाला?

त्या संध्याकाळपासून पावलं ऐकू यायला लागली. दिवेलागणीला स्वयंपाकघरातून निघायची, अनवाणी, हळू. उंबऱ्यापर्यंत यायची, थांबायची... आणि मागं फिरायची. नीळकंठराव घाबरले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. ते टीव्ही बंद करून वाट बघू लागले, चहा दोन कप टाकू लागले.

शेजारच्या मळ्यातली सारजा भाजी द्यायला आली, तिनंही ऐकलं. मेथीची जुडी तिनं पायरीवरच ठेवली.

"तात्या, बाईंचा जीव हितंच घुटमळतुया. जाऊ द्या त्यास्नी."

"मी कुठं धरून ठेवलंय?"

रविवारी विराजचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्यांनी त्याला दारातले सिंह दाखवले. "बाबा, सिंह उलटे बसवलेत. इथं देवळांपुढं ते बाहेर बघत बसतात. बाहेरच्याला अडवायला."

"आणि आत बघत बसले तर?"

विराज हसला. "मग आतल्याला अडवतील."

फोन ठेवल्यावर नीळकंठरावांना रडूच आलं. महिनाभर आपण तिला कोंडून ठेवलं आणि वर त्यातच सुख मानलं. सिंह फिरवले तर आपण एकटे. पण न फिरवून कसं चालेल? तिन्हीसांजेला त्यांनी दम खात दोन्ही सिंह रस्त्याकडं वळवले.

पावलं आली. थांबली. मग धरणाच्या गाळाचा वास मारत, त्यांच्या अगदी जवळून, उंबरा ओलांडून गेली. फाटकाची कडी वाजली.

"जा विमल," ते म्हणाले. "माझी काळजी करू नकोस."

बराच वेळ ते पायरीवर बसून राहिले. सारजाच्या मळ्याकडं कुत्री भुंकायला लागली आणि एकदम गप्प झाली.

मग मागून, स्वयंपाकघरातून, दबक्या आवाजात विमलबाईंनी विचारलं, "अहो... त्याला बाहेर कुणी सोडलं?"