वाघजाईचा महाप्रसाद

सकाळी साडेनऊला शर्वरी घागने लिहिलं, ‘धरण फुटतंय, टेकडीवर चढा.’ निरोप नऊ घरं धावला आणि दहाव्याच्या दारात त्यावर पिवळी पट्टी आली: ‘थांबवले आहे. घाई नको.’

शर्वरी कोंडसरीच्या मातीच्या धरणावर पाणी मोजायला होती. पावसाळा संपून महिना झालेला, धरण काठोकाठ. पायथ्याशी झिरपणारं पाणी ती अकरा वर्षं रोज काचेच्या ग्लासात धरून बघायची. नितळ असलं की चिंता नाही, मातीचं धरण थोडं पाझरतंच. आज ग्लास गढूळ झाला. म्हणजे पाणी आतून भिंत पोखरून माती बाहेर आणत होतं. अशी भिंत फार तर दोन-तीन तासांची सोबती. खाली आठ किलोमीटरवर गाव, दोनशे घरं, त्यातल्या एकात तिची धाकटी बहीण ऋतुजा.

तिने ऋतुजाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सरपंचांना लावला, तर ते म्हणाले, खरं असतं तर पट्टी आली असती का? त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! तीन वर्षांपूर्वी अशाच एका अफवेने गाव पळत सुटलं आणि पुलावरच्या चेंगराचेंगरीत सात जीव गेले. तेव्हा सरकारने निरोप अडवणारी ही यंत्रणा आणली, आणि पिवळी पट्टी म्हणजे थाप हे पोरासोरांनाही पाठ झालं. धरणावरचा भोंगासुद्धा त्याच यंत्रणेला जोडलेला. बटण दाबलं तर मुका.

कालव्यात पाणी सोडायचं चाक ती हाताने फिरवत होती. तेवढाच भिंतीवरचा दाब कमी. ते सोडून गावाकडे जायची सोय नव्हती. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताने फोन, असं करत तिने प्रसार प्राधिकरण गाठलं. यंत्रणा घडवणारे डॉ. हेरंब सबनीस स्वतः बोलायला आले. माणूस सज्जन. त्यांनी समजावून सांगितलं. खरं काय नि खोटं काय हे सरकारने ठरवू नये, म्हणून लोकच भांडले होते. म्हणून यंत्र मजकूर वाचतच नाही, निरोप धावतो कसा एवढंच बघतं. घाबरलेला माणूस शेवटपर्यंत न वाचता, सापडेल त्याला, पुढे ढकलत सुटतो. त्या धावण्याच्या मापाला त्यांनी धावांक म्हटलं होतं. धावांक चढला की निरोप अडला.

“आणि भीती खरी असली तर?”

“धावांक तोच येतो, ताई. खरी भीती आणि खोटी भीती सारखीच धावते. म्हणून तर जिल्ह्याची समिती आहे. तिघांच्या सह्या झाल्या की निरोप मोकळा.”

त्याला चार तास लागतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शर्वरी रडली, त्यांना वाट्टेल ते बोलली. मग नाक पुसून तिने विचारलं, कसले निरोप अडत नाहीत? लग्नपत्रिका, बारसं, जेवणावळी, ते म्हणाले. लोक ते नीट वाचतात आणि आपल्या गोतावळ्यात सावकाश पाठवतात.

तिने फोन ठेवला आणि लिहिलं: ‘आज वाघजाईच्या टेकडीवर महाप्रसाद. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. अकराला पंगत. सर्वांनी सहकुटुंब यावे.’

पट्टी आली नाही. साडेअकराला सरपंचांचाच फोन आला. अख्खा गाव उपाशीपोटी टेकडीवर उभा आहे आणि चूल पेटलेली नाही, हा काय चावटपणा, म्हणून ते तापले होते. तिने त्यांना हात जोडून सांगितलं, फक्त कुणाला खाली उतरू देऊ नका. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ऋतुजाचा निरोप आला. ‘ताई, आम्हाला सुतक आहे गं, विसरलीस? आज मामंजींचा दहावा. तुम्ही जेवून घ्या.’

सुतकातल्या घराला प्रसादाचं बोलावणं कोण करणार? शर्वरीने विसरून पाठवलं होतं, पण शेजाऱ्यांनी त्या घराला हाकही मारली नव्हती. तिने फोन लावला, या वेळी उचलला गेला, आणि तिने सगळं खरं ओरडून सांगितलं. ऋतुजाचा लगेच विश्वास बसला. बहिणीच्या आवाजावर पट्टी नसते.

“हे आणि भावोजी नदीवर आहेत, वर धरणाच्या अंगाला, पिंड ठेवून. त्यांना घेऊनच येते,” म्हणाली आणि नदीकडे पळाली.

बारा वाजून पाच मिनिटांनी भिंत गेली. दीड वाजता टेकडीवरचे सगळे फोन एकदम वाजले. हिरवी पट्टी, तीन सह्या: ‘धरण फुटतंय, टेकडीवर चढा.’

तिसऱ्या दिवशी डॉ. सबनीस तिच्या दारात आले. डोळे खोल गेलेले. खोटं आमंत्रण पाठवल्याबद्दल तिच्यावर गुन्हा दाखल होणार नाही, म्हणाले. उलट प्राधिकरणाला तिचा मजकूर पसंत पडला होता. यापुढे राज्यात प्रत्येक इशारा आमंत्रण म्हणूनच जाणार होता. कालपासून सुरूही झालं होतं.

“आणि ज्यांच्या घरी सुतक असेल त्यांना?” शर्वरीने विचारलं.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, “त्यांचं प्रमाण फार थोडं आहे, ताई.”

शर्वरीने हातातल्या फोनकडे पाहिलं. बहिणीचं सुतक धरून तिला आज तिसरा दिवस होता, आणि तीन दिवसांत तिला कुणी कसलंही आमंत्रण पाठवलं नव्हतं.