डाव्या हाताचा टाका

हा टाका तिचा नव्हता!

गच्चीच्या दोरीवर, मोठ्या टॉवेलाच्या आड, कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने वाळत घातलेला तो मऊ पांढरा लंगोट तिने हातात घेतला आणि ती उभ्या जागी थिजली. शिंप्याच्या घरात माणसं एकमेकांचा टाका ओळखतात. नवऱ्याच्या अंगावरचा कपडा न कपडा लग्न झाल्यापासून तिच्याच हातून शिवून गेलेला. दुकानातल्या कुणाचीही कच्ची शिलाई दिसली की ती निमूटपणे उसवून पुन्हा घालणारी बाई! आणि ही तुरपाई... बारीक, जपून घातलेली, पण उलट्या अंगाने तिरकी गेलेली. डाव्या हाताची! घरात दुसरा पुरुष नव्हता, म्हणजे लंगोट नवऱ्याचाच. एखादी बाई परक्या पुरुषाला रुमाल शिवून देते हे तिने ऐकलं होतं, पण लंगोट शिवून देण्याइतकी जवळची ही कोण?

तिने कापड बोटांत चुरगळलं. हे कापड तिच्या ओळखीचं होतं. सासूबाईंच्या लाकडी पेटीत एक गाठोडं होतं. दुकानात कधी लोण्यासारखं मऊ सूत आलं की त्यातला उरलेला तुकडा सासूबाई धुऊन, घडी घालून त्या गाठोड्यात ठेवत... नातवंडाच्या दुपट्यासाठी. त्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती, सुनेची तर नव्हतीच. त्या गाठोड्यातलं कापड आज दुसऱ्याच कुणाच्या सुईखाली गेलं होतं.

मग सगळं एकेक आठवू लागलं. मागे तो कापडखरेदीचं निमित्त काढून दोन दिवस बाहेरगावी गेला, सोबत आईला घेऊन! आणि आला तो एकही तागा न घेता. आल्यापासून तागे उचलत नव्हता, स्कूटरला हात लावत नव्हता, कटिंगच्या टेबलापाशी उंच स्टूल ओढून बसू लागला होता. "पाठ धरलीय," म्हणे. पाठ धरलेला माणूस आपले कपडे आपण कशाला धुईल? आणि आईच्या खोलीतल्या बाजेवर कशाला झोपेल?

पाठ धरली होती की पाठ फिरवली होती?

तिच्या मनात संशयाचं पाखरू शिरलं ते बाहेर पडेना. दुकानात नुकतीच एक काजवाली कामाला लागली होती. शर्टांची काजं करायची, बटणं लावायची. हसतमुख, बोलघेवडी... आणि डावखुरी! दुसऱ्या दिवशी तिने काजवालीपुढे एक रुमाल टाकला.

"जरा तुरपाई घालून दे बघू."

"वहिनी, तुम्ही असताना मी कशाला? तुमच्या हातापुढे माझा हात म्हणजे..."

"दे म्हटलं ना!"

काजवाली गोरीमोरी झाली, पण रुमाल शिवून दिला. तिने दोन्ही टाके खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. तिरका तोही, तिरका हाही. एरवी अर्ध्या नजरेत फरक सांगणाऱ्या तिला त्या दिवशी काही म्हणता काही दिसेना. त्या दिवसापासून काजवालीच्या चहाच्या कपात साखर कमी पडू लागली.

पण सगळ्यांत जास्त भय वाटत होतं ते सासूबाईंचं, कारण सासूबाई गोड वागू लागल्या होत्या! ज्या बाईने गिऱ्हाइकांसमोर लहान मुलांचे कपडे हातात धरून कितीदा तरी म्हटलं होतं, "आमच्याकडे लहान मापाचं काम फक्त गिऱ्हाइकांचं हो!" तीच बाई आता तिला म्हणत होती, "सूनबाई, दमली असशील, बस जरा." बळी देण्याआधी बोकडाला चारा घालतात तसलं ते प्रेम तिला वाटे. हे मायलेक दुसरी बघून आले असतील का? गाठोडं सुटलं ते तिच्याचसाठी का?

आणि या विचाराशी आलं की तिच्या अंतःकरणातून एक मूक आक्रोश उठे. कारण एक सत्य फक्त तिलाच ठाऊक होतं! लग्नानंतर काही वर्षांनी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. सगळ्या तपासण्या झाल्या आणि बाई म्हणाल्या, "तुमच्यात काहीही दोष नाही. आता यजमानांना पाठवा." त्याच दिवसांत सासरे गेले होते, दुकान अंगावर पडलं होतं, जुनी गिऱ्हाइकं पाठ फिरवत होती, आणि नवरा एकदा भिंतीकडे बघत म्हणाला होता, "आता माझ्यातच काही खोट निघाली ना, तर मी तोंड दाखवणार नाही कुणाला." तिला त्याच्या डोळ्यांची भीती वाटली. घरी येऊन तिने सांगितलं, "दोष माझ्यातच आहे." एवढंसं खोटं... आणि त्याचं ओझं तिने जन्मभरासाठी पत्करलं. वांझ हा शब्द गिळला, टोमणे गिळले, शेजारणींच्या बाळांना दुरून पाहिलं. ज्याच्यासाठी हे सारं सोसलं, तोच आता त्याच खोट्याच्या आधारे तिला घराबाहेर काढणार होता? तिने तोंड उघडलं तर तो मोडणार, आणि नाही उघडलं तर संसार मोडणार!

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीला दुकान बंद होतं. ती काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडली आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. सासूबाईंच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. आतून दबक्या आवाजात बोलणं ऐकू आलं.

"आधीचा घट्ट होत होता ना? हा बघ, सैल केलाय."

"आई, पुरे आता. तिच्या लक्षात येईल."

"येऊ दे तर! किती दिवस लपवायचं रे? मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही..."

"डॉक्टरांची तपासणी होऊ दे. तोवर तिला काही कळता कामा नये."

तिने दारावर थाप मारली. दार उघडलं तेव्हा नवरा उभा होता, चेहरा पांढराफटक, आणि बाजेवर सासूबाई घाईघाईने काहीतरी मांडीखाली सारत होत्या. तिने गच्चीवरचा तो लंगोट त्यांच्यापुढे टाकला.

"हा कुणाच्या हातचा आहे, सांगा! मला घालवायचंच असेल तर तोंडावर सांगा. मी माझी ट्रंक उचलून जाईन. पण ज्या गाठोड्याला मला कधी शिवू दिलं नाहीत, ते कुणाच्या पायाशी सोडलंत, एवढं तरी कळू द्या मला!"

सासूबाईंनी मांडीखालून हात बाहेर काढला. डावा हात! त्यात सुई होती, दोरा होता, आणि कापड धरणाऱ्या उजव्या हाताच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या. उजवं मनगट मोडून वाकडं बसल्यापासून या बाईने सुई धरली नव्हती. सगळ्या घराने तो हात कामातून गेला असंच धरलं होतं.

"माझ्या हातचा गं..." सासूबाई म्हणाल्या. "म्हातारपणी डाव्या हाताने शिकले. विकतचा त्याला बोचायचा."

"पण लंगोट... कशाला?"

नवरा बाजेवर टेकला. मान खाली घालून, थांबत थांबत सांगू लागला.

"माझं ऑपरेशन झालंय. उभं राहून राहून खाली दुखायचं, जड वाटायचं, म्हणून दाखवायला गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली. थंडगार जेल लावलं आणि म्हणाले, श्वास रोखून पोटात जोर करा. तर त्या यंत्रातून रक्ताचा सूं सूं आवाज यायला लागला. म्हणाले, शिरा फुगल्यात, रक्त उलटं वाहतंय. मूल न होण्याचं कारण हेच असू शकतं. मग वीर्याचा नमुनाही तपासला. बीज फारच कमी निघालं गं..."

त्याने बाजेची कड घट्ट धरली.

"मी म्हटलं, दोष तर बायकोत आहे. त्यांनी विचारलं, कोणता? आणि मला... मला सांगता येईना! इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलंच नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, अरे, हिने एवढ्या वर्षांत एक गोळी घेतलेली मी पाहिली नाही! दोष असता तर औषध नसतं घेतलं का?"

"त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पोरी, तू माझ्या लेकाचा कमीपणा स्वतःच्या पदरात घेतलास, आणि मी तुला..."

"मग लपवलंत का माझ्यापासून?" ती जवळजवळ किंचाळली. "मी या घरात रोज मरत होते!"

"कोणत्या तोंडाने सांगू? जीभच वळेना," सासूबाई म्हणाल्या.

"मीच आईला शपथ घातली," नवरा म्हणाला. "जांघेपाशी एवढीशी चीर. आत सगळ्या नसा दोऱ्यासारख्या गुंतलेल्या असतात. पेनाएवढी सोनोग्राफीची कांडी टेकवून, आवाज ऐकून, चांगली धमनी कुठली ते ओळखतात, तिला धक्का लावत नाहीत, आणि बिघडलेल्या शिरा तेवढ्या बांधतात. मग आधाराला काही दिवस लंगोट वापरायला सांगतात. मला वाटलं, गुण आला तरच तुला सांगावं. नाही आला तर तुला पुन्हा आशा लावून पुन्हा... डॉक्टर म्हणालेत, काही महिने जाऊ द्यावे लागतील. खात्री कुणी देत नाही."

इतक्या वर्षांचे तिचे साठलेले अश्रू वाहू लागले ते थांबेनात. नवरा तिचा हात धरायला उठू लागला आणि जखम ओढल्याने "आई गं!" करून पुन्हा बसला. त्या रडारडीतही तिला हसू फुटलं.

"मेला सोंगाड्या कुठला! पाठ धरलीय म्हणे..."

दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी काजवालीच्या पुढ्यात चहा आला. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, हा चहा आहे की पाक?"

तेवढ्यात जुनं गिऱ्हाईक असलेली शेजारीण नातीचा फ्रॉक घेऊन आली, आणि सवयीने सासूबाईंना विचारती झाली, "काय मग, सुनेचं औषधपाणी चालू आहे की नाही?"

दुकानात सगळ्यांचे हात थांबले. सुनेने मान खाली घातली. तिच्या मानेला तेच वळण पडलं होतं.

"औषध तिला लागत नव्हतंच," सासूबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "लागत होतं माझ्या लेकाला. आणि माझ्या जिभेला!"

शेजारणीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. कधीकाळी तोंड दाखवणार नाही म्हणणारा तो, हातातली कात्री टेबलावर ठेवून, भर दुकानात सगळ्यांकडे बघत शांतपणे म्हणाला, "खरं आहे आईचं. मान तिने खाली घालायचं काही कारण नाही."

संध्याकाळी सासूबाईंनी तिला खोलीत बोलावलं. गाठोडं सुटलेलं होतं, आणि त्यातल्या उरलेल्या तुकड्यांना तुकडे जोडून केलेला एक उशीचा अभ्रा बाजेवर पडला होता.

"आई... हे दुपट्याचं कापड होतं ना? संपवलंत सगळं?"

"येणारं यायचं तेव्हा येईल, नाहीतर नाही येणार. त्याच्यासाठी नवीन कापड मिळेल," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "पण जी आलीये, तिच्यासाठी मी आजवर काहीच शिवलं नाही गं..."

तिने अभ्रा उजेडात धरला. शिवण वेडीवाकडी गेली होती, एका कोपऱ्यात टाके सुटत होते, मध्येच रक्ताचा एक पुसट ठिपकाही होता. सासूबाईंनी ओशाळून हात पुढे केला. "वाकडं झालंय. तू उसवून नीट घाल."

तिने अभ्रा छातीशी घट्ट धरला.

"नाही आई, हे उसवायचं नाही," ती म्हणाली, आणि त्याच अभ्र्यात तोंड लपवून हुंदके देऊ लागली.