लाईट आली की परत येणारं नाव

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण ही माझ्या मावसबहिणीच्या, रेश्माच्या घरी घडलेली गोष्ट आहे. गाव पणदरे, तालुका बारामती. गेल्या उन्हाळ्यातला गुरुवार, भर दुपार.

भुतं रात्रीच येतात असं कोण म्हणतं?

रेश्माचा नवरा विजयसिंह आदल्या वर्षी विहिरीवर गेला. मोटारीत हात घातलेला, तेवढ्यात लाईट आली. स्टार्टर ऑटोवर होता, मोटार आपोआप सुरू झाली. जागेवरच संपला. खिशातला मोबाईलही विहिरीत गेला, तो काही सापडला नाही.

मागं राहिली रेश्मा, दुसरीतली श्रेया आणि पुण्याच्या कंपनीची घरून करायची नोकरी. तीही गेली तर मायलेकींनी खायचं काय?

घरच्या वायफायला नाव त्याचंच होतं. दिसलं की तिच्या काळजात चर्र व्हायचं. शेवटी तिनं नाव बदललं, पासवर्डही बदलला.

गुरुवारी लाईट गेली. आली.

वायफायचं नाव पुन्हा... विजयसिंह.

कॉम्प्युटर जोडला जाईना. मीटिंग बुडाली, साहेब तापले.

धाकटा दीर विशाल, त्याचं बारामतीत मोबाईलचं दुकान. तो म्हणाला, वहिनी, सेव्ह झालं नसंल. त्यानं स्वतः सेव्ह केलं, बंद-चालू करून दाखवलं. राहिलं. तो वेशीपर्यंत गेला नसेल, लाईट गेली, आली...

विजयसिंह.

मग त्यानं नवा कोरा राउटर आणला. सील तिच्यासमोर फोडलं. लाईट गेली. आली.

विजयसिंह...

विशालचा चेहरा उतरला. राउटरच्या सेटिंगच्या पानावर कोणकोणते मोबाईल जोडलेत ते दिसतं. एक रेश्माचा. एक विशालचा.

आणि एक... विजयसिंहचा.

विशाल चहा न घेताच उठला.

साहेबांनी सांगून टाकलं, आता खंड पडला तर दुसरं माणूस बघतो.

लग्नातल्या उखाण्यानंतर रेश्मानं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. सासरची पद्धतच तशी. कस्टमर केअरवाल्यानं नेटवर्कचं नाव विचारलं तरी ही बाई फोन श्रेयाच्या हातात द्यायची!

त्या दिवशी ती राउटरसमोर उभी राहिली.

"विजयसिंह, जावा आता तुमी. माझी नोकरी गेली तर श्रेयाला मी काय खाऊ घालू?"

राउटरचे दिवे विझले... आणि आपोआप लागले.

त्यानंतर लाईट कितीदा गेली-आली, पण तिनं ठेवलेलं नाव हललं नाही. ऐकलं गं माझं, असं मला म्हणून ती फोनवर हसली. मग ढसाढसा रडली. नोकरी वाचली.

परवा मी तिच्याकडं गेले होते. ती आत चहा टाकत होती. माझ्या मोबाईलनं आपोआप वायफाय धरलं. पूर्वी विजयसिंह भावजींनीच त्यात पासवर्ड टाकून दिला होता.

नाव होतं... विजयसिंह.

रेश्माचा मोबाईल शेजारीच होता. उचलून बघितला. त्यात ते नाव दिसतच नव्हतं.

तो गेलाच नव्हता. फक्त तिला दिसायचा बंद झाला होता.

तिला हे कसं सांगू? ती पुन्हा ये म्हणते, आणि मला त्या घरात पाऊल टाकवत नाही.