आजाऱ्यांच्या यादीतलं पाचवं नाव

पाळकबाईंना मोजायची खोड होती. बारा वर्षं शाळेत गणित शिकवून मग पाळकाचा झगा अंगावर चढवलेला. त्यामुळे भर उपासनेतही डोकी मोजण्याची सवय काही सुटली नव्हती. अर्पणाचं गीत सुरू झालं, की वेदीपाशी उभ्या राहून त्या गुपचूप बाकांवरून नजर फिरवत आणि तितक्याच भाकरी तबकात काढत. भाकर म्हणजे प्रभुभोजनाची, पांढरी, पातळ, कोटाच्या बटणाएवढी चकती. एक कमी नाही, एक जास्त नाही. फक्त वर एक, बाबांसाठी.

बाबा म्हणजे त्यांचे वडील. चर्चच्या मागेच पाळकांचं घर होतं, तिथे बाबा दोन महिने न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले होते. आता कुठे उतार पडत होता. भिंतीला धरून खिडकीपर्यंत जात. नाताळच्या सकाळी पहिल्या बाकावर येऊन बसणार आणि तुझ्या प्रवचनात चूक काढणार, असं त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं. तोवर दर रविवारी उपासना संपली, की पाळकबाई एक भाकर चांदीच्या डबीत घालून घरी नेत आणि बाबा ती हात धुऊन, केस विंचरून घेत. बाईंना आई नव्हती, भावंडं नव्हती. जे काय होतं ते त्या खिडकीजवळच्या पलंगावर होतं.

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला. नाताळच्या आधीचे हे चार रविवार म्हणजे वाट बघण्याचे. हिरव्या फांद्यांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते. तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि मधली पांढरी नाताळची. यंदाचं चक्र दुकानातून आणलं होतं आणि जरा केविलवाणंच दिसत होतं. एकतीस वर्षं ते मेणबत्त्यांच्या वाती वळणाऱ्या वातमावशी करत असत, सायकलच्या जुन्या रिमवर. वर्षभराची मेणाची बुडखी साठवून, आपल्याच शेगडीवर वितळवून त्या नव्या मेणबत्त्या ओतायच्या. डिसेंबरभर त्यांची नखं जांभळी असायची म्हणे. बाईंनी हे सगळं नुसतं ऐकलेलं. मावशी जानेवारीत गेल्या आणि बाई इथे आल्या जूनमध्ये. मावशींचे यजमान, सगळ्यांचे घंटाकाका, अजूनही दोर ओढून घंटा वाजवत आणि सतरंज्या झटकत.

त्या दिवशी नेमकी घाई झाली. आजाऱ्यांच्या नावांचा कागद घरी प्रिंटरमध्येच राहिला. व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे झगे आणि कागदपत्रं ठेवायच्या खोलीतल्या, फायलीत ‘आगमन, रविवार पहिला’ असा कागद आयता मिळाला, तो बाईंनी उचलला. वरचा सन बघायचं काही डोक्यात आलं नाही. प्रार्थनेच्या वेळी नावं वाचायला सुरुवात केली तेव्हा लक्षात आलं, की कागद जुना आहे. पण भर प्रार्थनेत थांबून ‘माफ करा’ कसं म्हणायचं? पाचच तर नावं होती. चार नावांची माणसं समोर ठणठणीत बसलेली दिसत होती. बाईंनी पाचवंही वाचून टाकलं.

एरवी प्रत्येक नावामागे मंडळी म्हणते, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” पाचव्या नावाला कुणीच काही म्हटलं नाही. कुणाची तरी चप्पल फरशीवर घासली. मग मागून, घंटेच्या दोराजवळून, एकटा आवाज आला. “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” त्यामागून बाकीचेही पुटपुटले.

वातमावशींचं खरं नाव बाईंना माहीतच नव्हतं. अकरा महिन्यांपूर्वी पुरलेल्या बाईला बरं कर म्हणून त्यांनी भर चर्चमध्ये प्रार्थना केली होती, आणि बाबांचं नाव मात्र राहूनच गेलं होतं.

वाटणी संपली तेव्हा तबक रिकामं होतं. बाईंनी त्रेचाळीस डोकी मोजून चव्वेचाळीस भाकरी काढल्या होत्या. दोन चिकटल्या असतील, त्या मनाशी म्हणाल्या, पण गणिताच्या बाईला ते काही पटेना. घरी शेजारची नर्स बाबांजवळ बसली होती. तिने दारातच सांगितलं, की अकराच्या सुमाराला अचानक थंडी वाजून ताप चढला. अकरा म्हणजे नावं वाचायची वेळ. रिकाम्या हाताने आलेल्या लेकीकडे बघून बाबा म्हणाले, “असू दे गं. पुढच्या रविवारी दोन खाईन.”

बाईंनी मोठ्या साहेबांना, म्हणजे बिशपना, फोन करून चूक कबूल केली. त्यांनीही एकदा लग्नात वधूऐवजी वधूच्या आईचं नाव घेतलं होतं, ते खुलवून सांगितलं. मग यजमानांची माफी मागा आणि जरा झोप घेत चला, म्हणून फोन ठेवला.

माफी मागायला जायची वेळच आली नाही. बुधवारी दुपारी घंटाकाका स्वतः व्हेस्ट्रीत आले. टोपी हातात, दाढी केलेली. बाईंनी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, की रविवारपासून सकाळी स्वयंपाकघरात खोकला ऐकू येतो. दोन आखूड, एक लांब. हा खोकला गावभर ठाऊक होता. मावशी चर्चमध्ये आल्या हे मागे न बघता कळायचं म्हणतात. बाईंनी समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. एकटेपण, मनाचे खेळ, असतं असं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“ते बरोबर आहे बाई,” ते म्हणाले. “पण आता सुरू केलंय, तर मध्येच सोडू नका. अर्धी बरी झालेली बाई कुठे जाणार?”

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी या म्हाताऱ्याची दयाही आली. चूक आपली; त्याच्या काळजाची खपली आपण काढली. दुसऱ्या रविवारी त्यांनी बाबांचं नाव सगळ्यात आधी वाचलं, ठसठशीत. शेवटी मागे नजर गेली. काका दोर सोडून उभे होते, ओठ हलत होते. बाईंना राहवलं नाही. त्यांनी तेही नाव वाचलं.

त्या दिवशी शेवटच्या बाकावर कुणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब. लोकांनी माना वळवल्या आणि मुकाट्याने पुन्हा सरळ केल्या. चाळीस डोकी, एक्केचाळीस भाकरी, तबक रिकामं. या वेळी बाईंनी प्रत्येक भाकर बोटाने सुटी करून घेतली होती. गुडघे टेकायच्या कठड्याशी शेवटी कोण होतं, हे त्यांना आठवेचना. हात आठवत होते. हातांवर भाकर ठेवल्याचंही आठवत होतं.

बाबांना आता खिडकीपर्यंत जाता येत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती पेटली. बाईंनी मन घट्ट करून ते नाव वगळायचं ठरवलं होतं. पण घंटाकाका सकाळीच येऊन सांगून गेले, की काल शेगडीवर मेणाचं पातेलं सापडलं, कोमट. सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की ते गाळायला बाईंचं मन पुन्हा धजावलं नाही. नाव वाचलं गेलं. खोकला या वेळी मधल्या बाकांवरून आला. प्रवचनभर वितळलेल्या मेणाचा वास येत राहिला; दुकानातल्या मेणबत्त्यांना असा वास नव्हता. भाकर पुन्हा एक कमी पडली.

डॉक्टरांनी संध्याकाळी बाईंना बाहेर बोलावून घेतलं. वय बघता काही सांगता येत नाही, हा आठवडा महत्त्वाचा, असं म्हणाले. बाई रात्री हिशेब मांडत बसल्या. मावशींचं नाव वाचलं गेलं, की तिकडे उतार पडत होता आणि इकडे बाबा खचत होते. जी भाकर बाबांची होती ती दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जात होती. हा हिशेब त्यांना हास्यास्पद वाटला. पण उत्तर प्रत्येक वेळी तेच येत होतं.

चौथ्या रविवारी त्यांनी आधी बाबांची भाकर डबीत घातली, झाकण दाबलं, डबी झग्याच्या खिशात टाकली. यादीत फक्त आजारी माणसं होती, जिवंत. बाबांचं नाव वाचताना आवाज किंचित फुटला. मंडळीने प्रेमाने उत्तर दिलं. बाईंनी कागद मिटला.

आता त्या चर्चची एक रीत होती. यादी संपली, की क्षणभर शांतता ठेवायची; ज्याला आपल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल त्याने ते मोठ्याने घ्यावं. बाईंना ही रीत फार आवडायची. आज ती त्यांच्या ध्यानातच नव्हती.

मागून काकांनी नाव घेतलं.

मग पियानो वाजवणाऱ्या बाईंनी घेतलं, डोळे पुसत. मग दुसऱ्या बाकावरच्या शिंपीदादांनी. म्हाताऱ्याला एकटं कसं पाडायचं? सगळ्यांचाच जीव होता मावशींवर; प्रत्येकाच्या घरी त्यांच्या हातची एखादी मेणबत्ती जळली होती. शेवटी सगळं चर्च एका सुरात ते नाव म्हणालं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बाईंनी एकट्यांनीच नाव गाळलं होतं आणि शेहेचाळीस जणांनी घेतलं होतं.

खोकला पहिल्या बाकावरून आला.

त्यांनी वर बघितलं नाही. तबक उचललं. शेहेचाळीस भाकरी, शेहेचाळीस माणसं. कठड्याशी रांगा आल्या, गुडघे टेकले, गेल्या. तबक रिकामं झालं. हिशेब चोख. बाईंनी सुटकेचा श्वास घेतला आणि त्या वळल्या.

कठड्याच्या टोकाला अजून दोन हात पसरलेले होते.

तळव्यावर तळवा. वरच्या तळव्यावर भाजल्याचा जुना, गोल डाग. नखांत जांभळं मेण.

पसरलेल्या हाताला नाही म्हणायचं नसतं. बाईंनीच हे मागच्या महिन्यात प्रवचनात सांगितलं होतं, टेबलावर हात आपटून. देण्यासारखी एकच भाकर उरली होती आणि ती त्यांच्या खिशात होती. हातांच्या वर, चेहऱ्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी खिशातली डबी मुठीत आवळून धरली.

“नाही,” त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की त्यांनाही ते धड ऐकू आलं नाही.

हात थोडा वेळ तसेच राहिले. मग ते सावकाश मिटले आणि मागे सरले.

बाई झग्यातच घरी पळाल्या. नर्स दारात उभी होती आणि चक्क हसत होती. साडेअकराला घाम फुटून ताप साफ उतरला होता, आणि आता चहात साखर कमी आहे म्हणून बाबांची कुरकुर चालू होती. बाबा उशीला टेकून बसले होते, केस विंचरलेले. लेकीने हातावर भाकर ठेवली, ती त्यांनी डोळे मिटून खाल्ली. पाळकबाई पलंगाच्या कडेला बसून पोटभर रडल्या. दुपारी बाबा स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत गेले आणि खुर्चीत बसून पेपर वाचू लागले. नर्सही मग आपल्या घरी गेली.

चार वाजता बेल वाजली. दारात घंटाकाका होते. नवा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात कापडात गुंडाळलेली जाड पांढरी मेणबत्ती.

“नाताळची,” ते म्हणाले. “हिने ओतली दुपारी. दुकानातली लावू नका म्हणाली.”

बाईंनी ती हातात घेतली. मेण अजून कोमट होतं. काका आनंदाने नुसते फुलले होते. ती जेवत नाही फारसं, ते सांगू लागले, उन्हात बसत नाही, पण येईल हळूहळू ताकद. मग ते जरा अवघडले.

“बाई, राग मानू नका. ती म्हणाली, तुम्ही तिला नाही म्हणालात.”

तो शब्द कुणीही ऐकला नव्हता.

“राग नाही हो धरला तिने,” काका घाईने म्हणाले. “स्वभावच नाही तिचा. म्हणाली, डबी घरीच नेली असेल, तिथे जाऊन मागते.”

“कुठे आहेत त्या?”

काकांनी मागे वळून बघितलं. “फाटकापर्यंत माझ्याबरोबरच होती. मागच्या दाराने गेली असेल. समोरून कधी यायचीच नाही ती. आधीच्या पाळकांकडेही स्वयंपाकघरातूनच शिरायची.”

आत खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. मग दोन आखूड, एक लांब.

“बसा ना,” बाबांचा आवाज आला, पाहुण्यांशी बोलतानाचा, अगत्याचा. “माझी मुलगी येईलच एवढ्यात.”

समोरून काय उत्तर आलं ते दारापर्यंत पोचलं नाही. मग बाबा हसले.

“भाकर होय? ती तर मी सकाळीच खाल्ली.”