महाराणीचा उसासा

"मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम. आणि शेपट्या, नुसता हात टेकवून उभा राहू नकोस, जोर लाव," मुंगी ओरडली.

सुट्टीचा चौथा दिवस होता आणि मुंगी गाडी ढकलत होती. सुट्टीचा पहिला दिवसही तिने असाच घालवला होता. वर्गातली निम्मी मुलं एव्हाना समुद्रात डुंबत असतील, आणि ती मात्र चौकातल्या सिग्नलपाशी, मागच्या बसच्या हॉर्नने कान किटलेले असताना, एका फिकट हिरव्या डब्याला पाठीने रेटत होती. त्या डब्याचं घरातलं नाव महाराणी. मनात आलं तर चालायची, एरवी बसून राहायची.

मुंगीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. अंगाने एवढीशी, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नसे, म्हणून मुंगी. आठ वर्षांचा धाकटा भाऊ सदानकदा तिच्यामागे, म्हणून तो शेपूट. आणि वरच्या मजल्यावरचा जाड भिंगांचा मित्र तो ढापण्या. त्याला सगळंच ठाऊक असे, निदान त्याची तशी समजूत होती.

"गाडी ढकलणं हा व्यायामाचा उत्तम प्रकार आहे," ढापण्या धापा टाकत म्हणाला.

"मग तू रोज ये की सकाळी," मुंगी म्हणाली.

स्टिअरिंगपाशी बसलेले बाबा हसले नाहीत. हल्ली ते हसतच नसत.

बाबा नळकाम करायचे. त्यातही गळती थांबवणं ही त्यांची खासियत. भिंतीत कुठे ओल आली, टाकीला चीर गेली, की लोक त्यांना बोलावत. काम झालं की ते राखाडी लुकणाचा, म्हणजे फटी बुजवायच्या लगद्याचा, शेवटचा गोळा फटीवर बसवायचे आणि ओला असतानाच त्यावर अंगठा दाबायचे. ती त्यांची सही. पाइप कापताना कधीतरी अंगठ्याला जखम झाली होती, तिची तिरकी रेघ ठशात स्पष्ट उमटायची. मुंगी आणि शेपूट लहानपणी जिन्याखाली, गच्चीवर, शाळेच्या हौदापाशी असे ठसे शोधत फिरायचे. अंगठा दाबलेली गळती पुन्हा कधी उघडली, असं झालंच नव्हतं.

लांबची कामं घेता यावीत म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाबांनी ही जुनी गाडी घेतली. पहिल्याच रविवारी ते सकाळपासून लुकणाचा डबा घेऊन तिच्याभोवती फिरले. दाराची रबरं, काचांच्या कडा, टपाची शिवण. "आता हिच्यात थेंबभर पाणी शिरायचं नाही," असं म्हणत त्यांनी संध्याकाळी हात धुतले. त्या दिवशी सगळे किती खूश होते!

पण त्या आठवड्यापासूनच महाराणी रस्त्यात मरू लागली.

मेकॅनिककाका नेहमीप्रमाणे स्कूटरवरून आले. त्यांनी बॉनेट उघडलं, मान हलवली, जीभ टाळ्याला लावून चकचक आवाज केला. मग म्हणाले, "चाव्या द्या, भाऊ. पोरांना घेऊन सावलीत बसा जरा." पंधरा मिनिटांनी महाराणी सुरू झाली.

"कॉइल गेली होती. टाकली नवी," मेकॅनिककाका फडक्याने हात पुसत म्हणाले.

"गेल्या वेळी पंप म्हणाला होतात," बाबा म्हणाले.

"तो तेव्हा गेला होता, भाऊ. जुनी गाडी म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखं असतं. आज गुडघा, उद्या दात."

पंप, कॉइल, आता कार्ब्युरेटरही बदलावा लागेल म्हणे. समुद्राची सहल पंपात गेली होती. शेपटाची सायकल कॉइलमध्ये गेली. आई भाजी चिरताना काही बोलत नसे, फक्त सुरीचा आवाज वाढे.

परतताना बाबांनी पेट्रोल भरायला गाडी थांबवली आणि ते पैसे द्यायला खिडकीपाशी गेले. पेट्रोल भरणाऱ्या माणसाने टाकीचं झाकण फिरवलं तसा लांबलचक आवाज आला, फुस्स.

"ऐकलंस?" तो मुंगीला म्हणाला. "तुमची गाडी दर वेळी असा उसासा टाकते. दमली असेल बिचारी."

मुंगीला हसू आलं नाही. बाबाही असेच उसासे टाकत.

त्या दिवशी दुपारी तिने दाराआडून ऐकलं. ऐकायला नको होतं असं तिला नंतर वाटलं.

"शुक्रवारी वसतिगृहाचं काम मिळालं तर ठीक," बाबा आईला सांगत होते. "शंभर नळ, आठ टाक्या, वर्षभराची देखभाल. अधीक्षकबाईंनी दहाची वेळ दिलीय, आणि त्या वेळेच्या पक्क्या आहेत. नाही जमलं तर शनिवारी भंगारवाला येऊन गाडी नेईल. मग मी ठेकेदाराकडे जातो, त्या धरणाच्या कामावर."

"दोन वर्षं?" आईने विचारलं.

"दोन वर्षं."

मुंगी जिन्यात येऊन बसली. शेपूट आणि ढापण्या येऊन बसले. मग तिने सगळं सांगितलं.

"एक विचारू?" ढापण्या चष्मा पुसत म्हणाला. "सुटे भाग बदलताना आपल्याला दर वेळी लांब का बसवतात?"

दुसऱ्या दिवशी महाराणी कार्ब्युरेटर तपासायला गॅरेजमध्ये होती. तिघंही समोरच्या टायरच्या ढिगाऱ्यामागे दबा धरून बसले. तासभर काहीच घडलं नाही. मग मेकॅनिककाकांनी इकडेतिकडे पाहिलं, चाव्यांच्या जुडग्यातली छोटी चावी लावून टाकीचं झाकण उघडलं, आत रबरी नळी सोडली आणि बाटलीभर पेट्रोल काढून घेतलं. हात आणि अवजारं त्याच पेट्रोलने धुतली. उरलेलं स्कूटरमध्ये ओतलं.

"चोर," शेपूट कुजबुजला. "पकडूया."

"पुरावा लागतो," ढापण्या म्हणाला.

"पुरावा नको, चोरीच बंद करू," मुंगी म्हणाली. तिच्या डोक्यात रागाने घण पडत होते. "छोटी चावी जुडग्यातून काढून घ्यायची. झाकणच उघडलं नाही तर घेतील काय? शुक्रवारी पेट्रोल भरून झालं की काढते."

ही युक्ती तिघांनाही इतकी आवडली की पुढचा दीड दिवस ती कुणाला सांगायची नाही, एवढंच काम त्यांना जड गेलं.

शुक्रवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "आज कसर नको," म्हणत टाकी काठोकाठ भरून घेतली. ते पैसे देत होते तेवढ्यात मुंगीने छोटी चावी कडीतून सरकवली आणि खिशात टाकली. आज तिघं सोबत होती. अवजारं उचलायला मदत म्हणून बाबांनीच चला म्हटलं होतं.

साडेनऊ वाजले होते. वसतिगृहाची गच्ची लांबून दिसत होती, आणि चढावर मध्येच महाराणी दोन आचके देऊन थांबली.

मेकॅनिककाका आले. बाबांनी न बोलता जुडगा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना सावलीत पाठवलं. मुंगी मनातल्या मनात हसली. ते मागे गेले, चाव्या चाळल्या, पुन्हा चाळल्या, आणि हात हलवत पुढे आले. चावी कुठे आहे असं विचारायची काही सोय नव्हती. मग ते कामाला लागले. पावणेदहा झाले, दहा झाले, सव्वादहा झाले. मेकॅनिककाकांचा सदरा घामाने भिजला. त्यांनी कॉइल काढून पुन्हा बसवली, तारा ओढून पाहिल्या, पण महाराणी हूं की चूं करेना.

"आज काही कळत नाही, भाऊ," ते अखेर म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते खरं बोलताहेत असं मुंगीला वाटलं.

बाबांनी अवजारांची पिशवी खांद्यावर टाकली आणि चढ चढायला लागले. ती मुलांसाठी जड होती, म्हणून त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तासाभराने ते तशीच पिशवी घेऊन परत आले.

"दिलं त्यांनी काम दुसऱ्याला," एवढंच ते म्हणाले. मग महाराणीच्या टपावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मुंगीने बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही, कारण ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. घरी बाबांनी माळ्यावरची बॅग काढली. आई त्यांचे कपडे घडी करू लागली, एकेक सदरा दोनदोनदा.

मुंगी जेवायला बसली. खिशातली चावी मांडीला टोचत होती. आपण चोराला अडवलं आणि नेमकी आजच गाडी सुरू झाली नाही. असं कसं? ती उठली आणि वर जाऊन तिने ढापण्याला जेवणावरून उठवलं.

"पंप बदलला, गाडी सुरू झाली. कॉइल बदलली, सुरू झाली. या दोन्ही वेळी त्यांनी आणखी काय केलं असेल?"

"पेट्रोल चोरलं असेल," ढापण्या म्हणाला.

"आणि चोरायला आधी काय करावं लागतं?"

ढापण्याचा हात ताटात तसाच राहिला. "झाकण उघडावं लागतं."

तिघं गॅरेजपर्यंत धावत गेली. मेकॅनिककाका जेवणाचा डबा उघडून बसले होते. मुंगीने कुणालाही न विचारता छोटी चावी लावली आणि झाकण फिरवलं. फुस्स. असा मोठा उसासा महाराणीने कधी टाकला नव्हता.

"काका, आता चालू करा," ती म्हणाली.

"अगं, सकाळपासून..."

"करा ना."

चार-पाचदा किल्ली फिरवल्यावर महाराणी खोकली आणि सुरू झाली. मेकॅनिककाकांनी खाली उतरून आधी मुंगीकडे आणि मग झाकणाकडे पाहिलं.

"बाटलीला तोंड लावून पाणी ओढत राहिलं की बाटली पोटात जाते आणि पाणी येईनासं होतं," ढापण्या भराभर सांगू लागला. "तसंच हे. पेट्रोल बाहेर जायला हवं तर हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं असणार. आणि टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून आज इतक्या लवकर..."

मुंगी ऐकत नव्हती. तिने झाकण उलटं केलं होतं. आत मधोमध राखाडी लुकणाचा एक गुळगुळीत ठिपका होता आणि त्यावर अंगठ्याचा अर्धा ठसा. ठशात तिरकी रेघ.

त्या रविवारी बाबांना झाकणात एक भोक दिसलं होतं. आणि भोक दिसलं की बुजवायचं, हे त्यांच्या हातांना सांगावं लागत नसे. हा ठसा नखाने खरवडून टाकता येईल, असं तिच्या मनात आलं. कुणाला कळणार नव्हतं. दोष मेकॅनिककाकांवरच राहिला असता.

तेवढ्यात बाबाच आले. सोबत भंगारवाला होता. शनिवारपर्यंत थांबायचं तरी कशाला, म्हणून त्याला आजच घेऊन आले होते. सुरू असलेली गाडी पाहून ते जागीच थबकले.

"काका दर वेळी पेट्रोल चोरतात," शेपटाने सगळं ओकून टाकलं. "झाकण उघडलं की गाडी सुरू होते. पंप आणि कॉइल उगाच बदलली."

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मेकॅनिककाकांची कॉलर धरली. दोन महिन्यांचं सगळं त्या मुठीत आलं होतं. "माझं घर बुडवलंत तुम्ही," ते म्हणाले.

"बाबा, सोडा त्यांना." मुंगीचा आवाज चिरकला. "ते पेट्रोल चोरतात हे खरं आहे. पण बिघाड त्यांचा नाही." तिने झाकण पुढे केलं.

बाबांनी ते घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग अंगठा हळूच त्या ठशावर ठेवला. तो तंतोतंत बसला. ते टायरच्या ढिगाऱ्यावर बसले. भंगारवाला नजर चुकवून छताकडे पाहत राहिला.

"आणि छोटी चावी मी लपवली होती," मुंगी म्हणाली. आता तिला रडू आवरेना. "नाहीतर आज गाडी वेळेवर सुरू झाली असती. तुमचं काम माझ्यामुळे गेलं."

"तुझ्यामुळे नाही," बाबा म्हणाले. "भोक मी बुजवलं."

मेकॅनिककाका कॉलर नीट करत पुढे आले. "मीही गाढवच, भाऊ. दर वेळी झाकण मीच उघडत होतो आणि वाटायचं की पंपाने झाली, कॉइलने झाली. कधी तपासलंच नाही." ते आत जाऊन जुना पंप आणि जुनी कॉइल घेऊन आले. "हे चांगलेच होते. नवे काढून घेतो, तुमचे पैसे परत देतो. पेट्रोलचेही देतो. काय पोरं आहेत तुमची. मला वीस वर्षांत सुचलं नाही ते यांना एका दुपारी सुचलं."

बाबांनी मान डोलावली. वसतिगृह गेलं ते गेलंच होतं. समुद्र या वर्षी नव्हता. पण त्यांनी भंगारवाल्याला हात जोडले आणि ठेकेदाराला फोन लावून येणार नाही म्हणून कळवलं. मग पिशवीतून सर्वांत बारीक टोच्या काढून मुंगीच्या हातात दिला.

"पाड भोक."

"ठशातूनच?"

"ठशातूनच."

लुकण दगडासारखं झालं होतं. बाबांचं काम होतं ते. मुंगीला हात भरून येईपर्यंत टोच्या फिरवावा लागला. शेवटी उजेडाचा एक ठिपका आरपार दिसला. बाबांनी झाकण डोळ्यापाशी धरून त्यातून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या कामातली चूक आजवर कुणी शोधली नव्हती," ते म्हणाले. "तू शोधलीस, आणि लपवली नाहीस."